वळवलेलं वादळ कुणाच्या दारात?

१९६५ च्या ऑगस्टअखेरीस 'बेट्सी' नावाचं हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधलं चक्रीवादळ, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या समुद्रात घोंगावत होतं. अमेरिकी सरकारच्या वादळं शमवण्याच्या 'स्टॉर्मफ्युरी' प्रकल्पाची विमानं त्यात शिरून सिल्व्हर आयोडाइड टाकणार होती. सगळी तयारी झाली आणि ऐन वेळी बेट्सी जमिनीच्या दिशेने वळली. उड्डाणं तात्काळ रद्द झाली, पण ती रद्द झाल्याची खबर वृत्तपत्रांना वेळेत मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू झाल्याच्याच बातम्या छापून आल्या.

पुढे बेट्सीने दक्षिण फ्लोरिडाला झोडपलं, मेक्सिकोचं आखात ओलांडलं आणि ९ सप्टेंबरच्या रात्री लुइझियानात घुसून न्यू ऑर्लिन्सचे सखल भाग बुडवले. अमेरिकेत पंचाहत्तरहून अधिक माणसं दगावली. नुकसानीचा आकडा एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. शास्त्रज्ञांनी वादळाला डिवचलं म्हणूनच ते उलटलं, अशी सामान्य लोकांची आणि अमेरिकी काँग्रेसमधल्या अनेकांची खात्री झाली. त्या वादळात रसायनाचा कणही पडला नव्हता, हे पटवून द्यायला प्रकल्पाच्या लोकांना दोन महिने लागले.

वादळं शमवण्याच्या किंवा वळवण्याच्या कल्पना आजही दर मोसमात नव्याने पुढे येतात. त्यांच्यावरची चर्चा बहुधा ताकदीच्या हिशोबापाशी थांबते: वादळाची ऊर्जा अफाट, माणसाची तोकडी. हे खरं आहे, पण खरी गाठ पुढे आहे. वादळाला एकदा हात लावला की त्यानंतर ते जिथे जाईल, ज्याचं घर मोडेल, त्या सगळ्याचा जाब हात लावणाऱ्याला द्यावा लागतो. आणि वादळ आपल्यामुळे वळलं की आपोआप, हे सिद्ध करण्याचं साधन आज कुणापाशीही नाही.

याचा पहिला धडा बेट्सीच्याही आधी मिळाला होता. १९४६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांना आढळलं, की शून्य अंशाखाली जाऊनही द्रवच राहिलेल्या ढगातल्या पाण्यात कोरडा बर्फ टाकला, की त्याचे हिमकण होतात. लगेच पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९४७ ला, याच शोधावर उभ्या राहिलेल्या 'प्रोजेक्ट सिरस'च्या विमानांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून साडेपाचशे किलोमीटरवरच्या एका हरिकेनच्या ढगांत सुमारे ८० किलो कोरडा बर्फ टाकला. वादळ ईशान्येला, खुल्या समुद्राकडे चाललं होतं. म्हणूनच ते प्रयोगासाठी निवडलेलं. ढगांत बदल दिसल्याचं वैमानिकांनी कळवलं. त्यानंतर वादळ फिरलं, पश्चिमेला निघालं आणि जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराजवळ किनाऱ्यावर आदळलं.

संताप उसळला, खटल्यांची भाषा सुरू झाली. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी, की प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ आणि नोबेलविजेते आयर्विंग लँगम्युअर हेच ठासून सांगत होते, की वादळ आमच्या बर्फामुळे वळलं! त्यांना त्यात आपल्या तंत्राचं यश दिसत होतं. नंतर हवामानतज्ज्ञांनी जुन्या नोंदी काढल्या. १९०६ मध्ये एका हरिकेनने जवळपास अशीच वाट धरली होती, आणि १९४७ चं वादळही विमानं पोहोचण्याआधीच वळू लागलं होतं. म्हणजे लँगम्युअर यांनी घेतलेलं श्रेय पोकळ होतं आणि लोकांनी ठेवलेला ठपकाही. पण सव्हानाच्या लोकांनी कुणावर विश्वास ठेवायचा होता? प्रयोग करणाराच 'मीच केलं' म्हणत असताना?

सिरसच्या मानाने स्टॉर्मफ्युरी कितीतरी शिस्तीचा प्रकल्प होता. १९६२ मध्ये तो सुरू झाला. रॉबर्ट सिम्पसन आणि जोआन सिम्पसन यांच्यासारखे अव्वल हवामानशास्त्रज्ञ त्यात होते. कल्पना सुबक होती. वादळाच्या शांत डोळ्याभोवती उंच ढगांचं कडं असतं आणि सगळ्यात जोराचा वारा तिथेच फिरतो. त्या कड्याच्या बाहेरच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड टाकलं, की आतलं न गोठलेलं पाणी गोठेल. गोठताना उष्णता बाहेर पडेल, त्या उष्णतेने ते ढग फोफावतील आणि डोळ्याभोवती दुसरं, अधिक रुंद कडं तयार होईल. आतल्या कड्याचा पुरवठा तुटून ते विरेल. वर्तुळ मोठं झालं की फिरण्याचा वेग आपोआप कमी होईल. वाऱ्याचा वेग थोडा जरी उतरला तरी पडझड बरीच घटते, त्यामुळे दहा-पंधरा टक्क्यांची घटसुद्धा मोलाची ठरली असती.

ऑगस्ट १९६९ मध्ये वाटलं, साधलं. १७ तारखेच्या रात्री 'कमील' या महाभयंकर हरिकेनने मिसिसिपीचा किनारा उद्ध्वस्त केला होता. त्या वादळाने अडीचशेहून अधिक बळी घेतले. दुसऱ्याच दिवशी, किनाऱ्यापासून हजारभर किलोमीटरवर, स्टॉर्मफ्युरीची विमानं 'डेबी'त शिरली. त्या दिवशी वाऱ्याचा वेग ३१ टक्क्यांनी उतरला. १९ तारखेला विमानं गेली नाहीत, वारा पुन्हा चढला. २० ला पुन्हा रसायन टाकलं, वेग १८ टक्क्यांनी घटला. औषध दिल्यावर ताप उतरावा, थांबवल्यावर चढावा, इतकं स्पष्ट चित्र. कमीलने उद्ध्वस्त केलेल्या गावांतली ढिगाऱ्याखालची माणसं अजून काढली जात असताना हे आकडे आले, तेव्हा त्या शास्त्रज्ञांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

मग हळूहळू उलगडा होत गेला. १९८० च्या 'ॲलन'सह अनेक हरिकेनांचं विमानांतून बारकाईने निरीक्षण झालं आणि दिसलं, की तीव्र वादळं बाहेरचं नवं कडं स्वतःहून घडवतात, जुनं टाकतात, काही काळ मंदावतात आणि पुन्हा जोर धरतात. कुणी रसायन टाको वा न टाको. शिवाय हरिकेनच्या ढगांत न गोठलेलं पाणी फारच थोडं असतं आणि बर्फ आधीच भरपूर, म्हणजे रसायनाला करण्यासारखं तिथे काही उरतच नाही. डेबीत दिसलेलं यश वादळाच्या नेहमीच्या चढउताराहून वेगळं काढता येईना. चार वादळांत आठ दिवस प्रयोग झाले होते. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर काहीच ठरत नाही. १९८३ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

नमुना पुरेसा असणं किती महत्त्वाचं, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात दाखवून दिलं आहे. २०१७ ते २०१९ या काळात तिथे कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. २७६ ढग निवडले गेले आणि कोणत्या ढगात रसायन टाकायचं, कोणता तसाच सोडायचा, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं गेलं. तेव्हा कुठे पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचं विश्वासाने म्हणता आलं. सोलापूरच्या आभाळात असे ढग शेकड्यांनी मिळतात. प्रयोगाला योग्य, वस्तीपासून लांब आणि विमानांच्या टप्प्यातलं हरिकेन वर्षानुवर्षं मिळत नाही. स्टॉर्मफ्युरीचा तर नियमच होता, की वादळ एका दिवसात वस्तीजवळ येण्याची शक्यता दहा टक्क्यांहून कमी असेल तरच हात लावायचा.

एवढी काळजी घेऊनही शेजारी शांत नव्हते. क्यूबाने अमेरिकेवर वादळांचा शस्त्रासारखा वापर केल्याचा आरोप केला. मेक्सिकोने दुष्काळाचं खापर प्रकल्पावर फोडलं. वादळं जास्त मिळावीत म्हणून प्रकल्प पॅसिफिकमध्ये हलवण्याचा विचार झाला, तेव्हा चीनने बजावलं, की प्रयोग केलेलं टायफून, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, आमच्या किनाऱ्यावर आलं तर चालणार नाही. जपानचं म्हणणं अधिक विचार करायला लावणारं होतं: आमचा निम्म्याहून अधिक पाऊस टायफूनांबरोबर येतो, त्यासाठी आम्ही त्यांचा त्रास सोसू. वादळ म्हणजे केवळ विध्वंस नव्हे, कुणाच्या तरी धरणातलं पाणीही आहे, हे वादळ शमवायला निघालेल्यांच्या हिशोबात क्वचितच असतं.

बाकीच्या कल्पनांपैकी अणुबॉम्बची कल्पना थोडक्यात उरकावी. १९५९ मध्ये जॅक रीड या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने ती गंभीरपणे मांडली होती आणि ती अजूनही मरत नाही. पूर्ण भरातलं हरिकेन दर वीस मिनिटांनी १० मेगाटनचा बॉम्ब फुटावा इतकी उष्णता बाहेर टाकतं. त्यात एक बॉम्ब टाकून वादळ तर थांबणार नाहीच, फक्त किरणोत्सारी राख वाऱ्याबरोबर दूरवर पसरेल.

समुद्राचा पृष्ठभाग गार करण्याची कल्पना मात्र शास्त्राला धरून आहे, कारण वादळाचं इंधन म्हणजे कोमट समुद्राचं पाणी. एडिनबरोचे अभियंते स्टीफन सॉल्टर यांनी लाटांच्या जोरावर वरचं गरम पाणी खाली ढकलणारं तरंगतं यंत्र सुचवलं. त्यासंबंधीच्या पेटंट अर्जांवर बिल गेट्स यांचंही नाव होतं. नॉर्वेतली ओशनथर्म ही कंपनी समुद्रात भोकं पाडलेले नळ सोडून, हवेच्या बुडबुड्यांनी खालचं थंड पाणी वर आणू पाहते. पण मायामी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२२ मध्ये हिशोब मांडला: २ लाख ६० हजार चौरस किलोमीटर समुद्र दोन अंशांपर्यंत गार केला, तरी वादळ जेमतेम १५ टक्के मंदावतं. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या पाऊणपटीहून जास्त आहे.

ताकद लावण्याऐवजी युक्ती वापरावी, असं हवामानशास्त्रज्ञ रॉस हॉफमन यांनी सुचवलं. हवामान छोट्या बदलांना अतिशय संवेदनशील असतं. मग योग्य वेळी योग्य जागी हलका धक्का देऊन वादळाची वाट का बदलू नये? १९९२ मध्ये हवाईतल्या कौआई बेटाला तडाखा देणारं 'इनिकी' वादळ त्यांनी संगणकात पुन्हा उभं केलं आणि सुरुवातीच्या तापमानात व वाऱ्यांत फेरफार करून ते बेटापासून दूर नेऊन दाखवलं. मात्र ज्या संवेदनशीलतेवर ही युक्ती उभी आहे, तीच तिला दगा देते. सुरुवातीची स्थिती मोजण्यात जराशी चूक झाली, तर वादळ भलतीकडेच जाईल. आणि समजा, सगळं अचूक जमलं. मग?

३ जून २०२० आठवा. 'निसर्ग' चक्रीवादळ मुंबईच्या रोखाने येत असल्याने शहर श्वास रोखून बसलं होतं. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि मुंबई बचावली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांवरचे पत्रे-कौलं उडाली, विजेचे खांब वाकले, कित्येक गावं आठवडे अंधारात राहिली. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला वर्षं जातात. वाडी झोपली म्हणजे एका पिढीची मिळकत झोपली. हे सगळं निसर्गाने केलं, म्हणून वाडीवाल्याने नशिबाला बोल लावला आणि पंचनाम्याची वाट पाहिली. आता कल्पना करावी, की मुंबईतली सव्वा कोट माणसं वाचवण्यासाठी वादळ शंभर किलोमीटर दक्षिणेला ढकलण्याचा निर्णय मंत्रालयात बसून कुणीतरी घेतला. बेरीज-वजाबाकीत तो निर्णय बरोबरही असेल. पण दिवेआगरच्या वाडीवाल्याला विचारणार कोण? त्याची भरपाई पंचनाम्यातल्या दराने करायची, की त्याची वाडी मुंबईसाठी बळी दिली हे मान्य करून?

सीमा मध्ये आली की हाच प्रश्न आणखी धारदार होतो. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' अरबी समुद्रात रेंगाळत होतं. त्याच्या वाटेच्या अंदाजपट्ट्यात कच्छही होतं आणि सिंधचा किनाराही. दोन्ही देशांनी हजारो लोकांना हलवलं. १५ जूनला वादळ कच्छमध्ये जखाऊजवळ आलं. भारताने ते कराचीकडे ढकललं असतं, किंवा पाकिस्तानने कच्छकडे, तर त्याला आपत्ती व्यवस्थापन म्हटलं असतं की हल्ला? अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात शत्रूची रसद अडवण्यासाठी ढगांत रसायनं टाकली, त्यानंतर १९७७ मध्ये हवामानाचा शत्रुत्वाने वापर करण्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. पण शांततेच्या हेतूने केलेला बदल शेजाऱ्याला भोवला तर काय, याचं उत्तर त्यात नाही.

मग हे संशोधन बंदच करावं का? नाही. समुद्र तापतो आहे, वादळं अधिक तीव्र होताहेत आणि हातावर हात ठेवून बसणं हाही एक निर्णयच आहे. कधी काळी टायफूनांच्या पावसाची बाजू घेणाऱ्या जपानने आता २०५० पर्यंत टोकाच्या वाऱ्यापावसावर नियंत्रण मिळवण्याचं राष्ट्रीय उद्दिष्ट ठेवलं आहे; योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात त्यासाठी टायफून संशोधन केंद्र आहे. संगणकातली वादळं हवी तेवढी वळवावीत. त्यातून वादळाचं ज्ञानच वाढतं. स्टॉर्मफ्युरीचंही तेच झालं. त्याच्यासाठी घेतलेली दोन पी-३ विमानं पुढे दशकानुदशकं हरिकेनांच्या पोटात शिरून मोजमापं आणत राहिली. तीन दिवस आधी दिलेल्या अंदाजात पूर्वी कित्येक शे किलोमीटरची चूक व्हायची. आता ती अटलांटिकमध्ये सरासरी दोनशे किलोमीटरच्या आत आली आहे.

आणि अंदाजाने काय साधतं, हे ओडिशाने दाखवलं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या 'फायलिन'च्या वेळी दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. वादळ तसूभरही वळलं नाही, माणसं बाजूला झाली. कोकण किनाऱ्यावर पक्के निवारे, जमिनीखालून जाणाऱ्या वीजवाहिन्या आणि वाड्यांना परवडणारा विमा या गोष्टींवर खर्च होणारा पैसा आज कुठल्याही वादळवळवणीच्या यंत्रापेक्षा अधिक जीव आणि अधिक झाडं वाचवेल.

वादळ वळवण्यासाठी त्यात प्रत्यक्ष विमानं पाठवण्याची वेळ मात्र आपल्या हयातीत येऊ शकते, आणि तिची तयारी कायद्याच्या बाजूने आधी व्हायला हवी. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राभोवतीचे तेरा देश चक्रीवादळांसाठी एका मंडळात आधीपासून एकत्र बसतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, ओमान, येमेन हे सगळे त्यात आहेत, आणि दिल्लीतलं भारतीय हवामान खात्याचं केंद्र त्यांना वादळांच्या सूचना पुरवतं. भारताने याच मंडळात प्रस्ताव मांडावा: या दोन समुद्रांतल्या कुठल्याही वादळावर प्रयोग करण्याआधी त्याच्या संभाव्य वाटेवरच्या प्रत्येक देशाची लेखी संमती घ्यायची, वादळाच्या सगळ्या नोंदी प्रयोगाआधी आणि नंतर सर्वांसाठी खुल्या ठेवायच्या, आणि वादळ कुणामुळे वळलं हा वाद न घालता नुकसानभरपाईसाठी निधी अगोदरच बाजूला काढायचा.