झाशीच्या रानातला मराठा सुतार

झाशी म्हटले की मराठी मनाला राणी लक्ष्मीबाई आठवते, नेवाळकरांचे घराणे आठवते, काळ्या खडकावरचा किल्ला आठवतो. या बुंदेलखंडी मुलखात मराठ्यांचे नाव धारण करणारा एक पक्षीही राहतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव मराठा सुतार.

हे नाव त्याला इंग्रजांनी दिले. जॉन लॅथम या इंग्लंडमधील वैद्य आणि पक्षिशास्त्रज्ञाने १८०१ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. तेव्हा देशाच्या मोठ्या भागावर मराठ्यांचा अंमल होता आणि झाशीही त्यांच्याच सुभेदारांकडे होती. लॅथमने मराठ्यांच्या मुलखाचे नाव पक्ष्याला जोडले. पुढे राज्य गेले, पण ‘लायोपिकस महरत्तेन्सिस’ या शास्त्रीय नावात मराठे अजून टिकून आहेत.

पक्षी तसा छोटा, बुलबुलापेक्षा किंचित लहान. काळपट तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके, माथ्यावर पिवळसर छटा आणि पोटावर तांबडा डाग. नराच्या डोक्यावर मागच्या बाजूस लाल पट्टा असतो. मादीच्या डोक्यावर तो नसतो. दाट अरण्य त्याला मानवत नाही. बाभूळ, पळस, आंबा अशी विखुरलेली झाडे, बांधावरची झुडपे, कोरडे रान हेच त्याचे घर. म्हणून झाशीच्या परिसरात तो सुखाने राहतो. शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर, मध्य प्रदेशाच्या हद्दीत ओरछा अभयारण्य आहे. बेतवा आणि जामनी या नद्यांमधले हे रान १९९४ साली संरक्षित झाले. तिथल्या करधई आणि पळसाच्या विरळ झाडीत सुतारांना शोधावे.

त्याच भागात सोनेरी पाठीचा सुतारही दिसतो. तो आकाराने बराच मोठा. डोक्यावर लाल तुरा आणि उडताना खिदळल्यासारखा आवाज यांमुळे तो लगेच ओळखू येतो. उत्तरेत पुष्कळ लोक हुदहुदलाच ‘कठफोडवा’ म्हणतात. पण तुरेवाला हुदहुद जमिनीवर चोच खुपसून किडे वेचतो, तो लाकूड फोडत नाही.

सुताराची सगळी हत्यारे अंगातच असतात. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे वळलेली, त्यामुळे उभ्या खोडाला पकड बसते. शेपटीची पिसे ताठ. ती खोडाला टेकवून तो तिसऱ्या पायासारखा आधार घेतो. जीभ लांब, चिकट आणि टोकाला काटेरी. तिला आधार देणारी हाडे कवटीच्या मागून वळसा घेऊन वर आलेली असतात, म्हणूनच ती खोल भोकात शिरून अळी ओढून काढू शकते. इतके घाव घालून त्याचा मेंदू कसा हादरत नाही, याचे कुतूहल जुने आहे. कवटी गादीसारखी धक्का शोषून घेते, असे पूर्वी सांगितले जाई. २०२२ साली बेल्जियममधील संशोधकांनी वेगवान चित्रणावरून दाखवून दिले, की डोके हातोडीसारखे ताठच राहते. मेंदू अगदी लहान असल्यामुळे त्याला इजा होत नाही. गादी असती, तर घावातला जोरच निघून गेला असता.

बागाईतदार कधी कधी सुतारावर चिडतात; झाड पोखरून मारतो, अशी त्यांची तक्रार. खरे तर तो बहुधा आधीच किडलेल्या, मऊ झालेल्या लाकडावर चोच मारतो. सालीखालच्या अळ्या, मुंग्या, भुंगेरे हेच त्याचे अन्न. तो ठोकतो आहे, याचा अर्थ लाकडात कीड आहे.

उन्हाळ्याच्या सुमारास नर-मादी मिळून वाळक्या फांदीत ढोली कोरतात. मादी साधारण तीन अंडी घालते आणि दोघे आळीपाळीने ती उबवतात. पिल्ले उडून गेली, की रिकाम्या घराला लगेच नवे भाडेकरू मिळतात. लहान ढोलीत पिवळ्या गळ्याची रानचिमणी किंवा रामगंगा येते. मोठ्या सुताराची ढोली पोपट, मैना, पिंगळा यांच्या उपयोगी पडते. या पक्ष्यांना स्वतः लाकूड कोरता येत नाही. म्हणून एक सुतार गेला, की त्याच्या मागे अनेकांचा निवारा जातो.

आफ्रिकेत सुतारांच्या तीसेक जाती आहेत. त्यांतल्या दक्षिण आफ्रिकेच्या भू-सुताराने तर झाडांचा नादच सोडला आहे. तो उघड्या खडकाळ उतारांवर राहतो, मुंग्या खातो आणि मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. मराठा सुताराला ही वाट नाही. त्याला झाड हवे, आणि त्या झाडावर वाळकी फांदीही हवी.

नेमकी तीच आपण आधी तोडतो. खेड्यात सरपण लागते आणि चूल पेटवणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. खाली पडलेल्या काटक्या तिने खुशाल न्याव्यात. पण शहरातल्या अंगणात, शाळेच्या आवारात, देवळामागच्या आमराईत केवळ ‘वाईट दिसते’ म्हणून वाळकी फांदी उतरवली जाते, तिथे हात आवरायला हवा. रस्त्यावर किंवा छपरावर कोसळेल अशी फांदी जरूर काढावी. एरवी करवत लावण्यापूर्वी तिच्या खालच्या बाजूला गोल भोक आहे का, एवढे पाहावे. भोक दिसले, तर ती फांदी राहू द्यावी. कुणाचे तरी बिऱ्हाड तिथे असेल, किंवा येत्या उन्हाळ्यात येईल.