केस काढणे

गेल्या दिवाळीत मला एक नवीच नोकरी लागली. पगार शून्य, वेळ रात्रीच्या जेवणानंतरची, आणि काम इतकेच की, सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारायची, हात टेबलावर पालथा ठेवायचा आणि हलायचे नाही. वीस वर्षे वर्गात बडबड करून पोट भरणाऱ्या माणसाला नुसता हात ठेवून गप्प बसणे किती अवघड जाते, हे माझ्या समव्यवसायी बंधूंना सांगायला नकोच.

ही नोकरी देणारी मालकीण म्हणजे माझी भाची. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. फराळाच्या ओढीने ताईकडे गेलो, तो ही कन्या टेबलावरचा दिवा जवळ ओढून संगणकापुढे बसलेली. मला पाहताच म्हणाली, "मामा, आलास ते बरं झालं. तुझा हात हवाय."

"कशाला? चकल्या पाडायला?"

"छे रे! त्याच्यावरचे केस काढायचेत."

मी हात झटकन् मागे घेतला. तिला हसू आवरेना. "अरे, उपटून नाही काढायचे! चित्रात काढायचेत!"

मराठी शिकवणारा मी, पण 'काढणे' या आपल्या साध्याभोळ्या क्रियापदाच्या पोटात एवढा घातपात दडलेला असेल, हे मला तोवर कधी जाणवले नव्हते. चित्र काढणे म्हणजे नसलेले आणणे आणि काटा काढणे म्हणजे असलेले घालवणे! या एका शब्दापायी मी दुसऱ्या रात्रीही आपण होऊन हात घेऊन हजर झालो.

आता हा प्रकार काय तो सांगतो. 'द सिम्स' नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. खेळ म्हणायचा, पण त्यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. पडद्यावर माणसे घडवायची, त्यांना घर बांधून द्यायचे, जेवूखाऊ घालायचे, कामावर धाडायचे, त्यांची लग्ने लावायची आणि मग त्यांची भांडणे पाहत बसायचे. थोडक्यात, आपली भातुकलीच. विल राइट या अमेरिकन गृहस्थाचे घर १९९१ सालच्या ऑक्टोबरात ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या वणव्यात जळाले. नव्याने संसार मांडताना, माणसाला जगायला नेमके काय काय लागते, हा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला, आणि त्यातून हा खेळ जन्माला आला. २००० सालच्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. त्याचा चौथा अवतार २०१४ सालचा. २०२२ च्या ऑक्टोबरात तो अवतार फुकट मिळू लागला, तेव्हा आमच्या भाचीबाईही त्या भातुकलीत सामील झाल्या.

या बाहुल्यांना नाक, डोळे, बांधा सगळे मनाजोगते देता येते. २०२० च्या डिसेंबरात कातडीच्या रंगाच्या शंभराहून अधिक नव्या छटा त्यात आल्या. आणि २०२२ च्या जुलैत हात, पाय, छाती व पाठ यांवर केस देण्याची सोय झाली. तीही जशी पुरुषांना तशी बायकांना.

"मग आयते केस असताना तू आणखी कशाला काढतेस?" मी विचारले.

"ते कुणाच्या तरी हातावरचे आहेत, मामा. मला आपल्या घरातले हवेत."

आपल्या घरातले केस! आमच्या घरात केसाचा उल्लेख झालाच, तर तो आमटीत सापडल्यावर होतो. पण दोन रात्री बसलो आणि माझी थट्टा हळूहळू ओसरली.

काम मोठे नाजूक. शिंपी जसा अंगरखा उसवून कापडाचे तुकडे जमिनीवर पसरतो, तशी या बाहुलीची कातडी पडद्यावर उलगडून सपाट मांडलेली असते. तो कागद १०२४ ठिपके रुंद आणि २०४८ ठिपके उंच. ऐकायला पुष्कळ वाटते. पण त्यात सगळ्या अंगाचा पसारा मावायचा, म्हणून मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताच्या वाट्याला चिंचोळी पट्टी येते. एकेक केस म्हणजे एका ठिपक्याच्या जाडीची रेघ. खेळातलाच एखादा नमुना 'सिम्स ४ स्टुडिओ' नावाच्या हत्याराने उचलायचा, त्याचे चित्र बाहेर काढायचे, त्यावर आपले केस रेखाटायचे, पुन्हा आत घालायचे आणि 'मॉड्स' नावाच्या कप्प्यात ठेवून द्यायचे. मग खेळ उघडला की, आपले केस यादीत दिसतात. जगभरची हौशी मंडळी अशी रात्र-रात्र बसून कपडे, केस, तीळ, वांग आणि सुरकुत्या करीत असतात.

"सिनेमात तर प्राण्यांचे केस वाऱ्यावर भुरभुरतात," मी माझे ज्ञान पाजळले.

"ते वेगळं," ती म्हणाली. आणि खरेच वेगळे होते. २००१ साली आलेल्या 'मॉन्स्टर्स इंक' या चित्रपटातल्या सली नावाच्या केसाळ प्राण्याच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते. पण तिथे एकेक चित्र तासन्तास खपून आधीच तयार करून ठेवता येते. खेळात संगणकाला दर सेकंदाला कित्येक चित्रे तिथल्या तिथे काढून दाखवावी लागतात. त्याने केस मोजत बसायचे कधी? म्हणून अंगावरचे केस कातडीवर नुसते रंगवायचे, आणि ते उगवल्यासारखे दिसले पाहिजेत. सारी करामत इथेच आहे.

तिचे पहिले प्रयत्न तिने मला दाखवले. पहिल्या चित्रात केस काळेभोर होते. गव्हाळ हातावर ते असे दिसत होते की, कुणी टाक झटकून शाई उडवली आहे! मग तिच्या ध्यानात आले की, आपण ज्याला काळा केस म्हणतो तो कातडीवर पडला की, गडद तपकिरी होतो, मुळाशी दाट आणि टोकाला विरघळत गेलेला. दुसऱ्या चित्रात रंग साधला, पण सगळे केस सारख्या लांबीचे आणि समांतर, जणू खराटा. तिसऱ्यात जवळून सगळे ठीक दिसे, पण बाहुली चार पावले दूर गेली की, चित्र आक्रसून साऱ्या रेघा एकमेकींत मिसळत आणि हाताला राख फासल्यासारखे वाटे. शेवटी तिने तीन थर केले. तळाला अगदी फिकी सावली, तिच्यावर बारीक लव, आणि सगळ्यांत वर मोजके चार चुकार, लांब केस. डाव्या हाताचे चित्र उलटवून उजव्यावर ठेवले, आणि मग मुद्दाम ते थोडे बिघडवले; कारण माणसाचे दोन्ही हात कधी तंतोतंत सारखे नसतात.

उरली होती दिशा, आणि तिच्यासाठी माझी नेमणूक होती. तुमचा समज काय आहे? हातावरचे केस कोपराकडून मनगटाकडे, पाण्याच्या धारेसारखे खाली उतरतात ना? माझाही तोच होता. पंचेचाळीस वर्षे हा हात माझ्यापाशी आहे आणि मी तो पाहिलेला नाही! ते अंगठ्याच्या बाजूने करंगळीच्या बाजूला तिरके झुकतात आणि तिथून कोपराकडे, म्हणजे वर, वळू लागतात. चार्ल्स डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात याची दखल घेतली आहे. दंडावरचे केस खाली आणि हातावरचे वर, असे दोन्हीकडून ते कोपराशी येऊन मिळतात; आणि ओरँगउटानाचेही तसेच. ते जनावर पावसात डोक्यावर हात धरून बसते, तेव्हा पाणी कोपरावरून निथळून जावे म्हणून ही व्यवस्था असावी, असा वॉलेसचा तर्क होता. मी छत्री विसरून महाविद्यालयातून भिजत आलो, त्या साऱ्या प्रसंगी माझे पूर्वज मला काय म्हणाले असतील कोण जाणे!

इतका वेळ मी गमतीत होतो. पण तिने माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला, तेव्हा मला काही जुन्या गोष्टी आठवल्या.

तिच्या हातांवर जन्मापासून दाट लव आहे. ती तान्ही असताना ताई तिला दुधात कालवलेले डाळीचे पीठ लावून चोळीत असे, आणि तेही उलटे, केसांच्या विरुद्ध; तसे केल्याने लव निघून जाते, असे ताईला शेजारच्या आजींनी सांगितले होते. पोरगी किंचाळे, ताईच्या डोळ्यांत पाणी येई, पण चोळणे थांबत नसे. मुलीचा जन्म, पुढे कोण पत्करणार, ही धास्ती त्या पिठात कालवलेली होती. आठवीत वर्गातल्या मुलींनी तिला 'अस्वल' हे नाव ठेवले. ऐन मे महिन्यात ती लांब बाह्यांचे कपडे घालून लग्नकार्यांत घामाघूम होऊन वावरताना मी पाहिली आहे. पुढे दर महिन्याला पार्लर सुरू झाले. गरम मेण लावायचे आणि पट्टीसरशी ओढायचे. आयुष्याची कित्येक वर्षे या मुलीने एकाच अर्थाने केस काढण्यात घालवली. आणि आता तीच मुलगी, डोळ्यांत तेल घालून, दुसऱ्या अर्थाने ते काढीत बसली होती.

मला माझीच लाज वाटली. वर्गात संस्कृत काव्यातल्या स्त्रीवर्णनाचे संकेत सांगताना 'रोमराजी' हा शब्द आला की, मला हटकून खोकला येतो आणि पाणी पिऊन मी पुढच्या मुद्द्यावर जातो. रोमराजी म्हणजे बेंबीपासून वर जाणारी लवेची कोवळी रेघ. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात खुद्द पार्वतीच्या वर्णनात तिला मानाने जागा दिली आहे. ज्या कवीपुढे आपण नाक घासतो, त्याला देवीच्या अंगावरची लव सुंदर दिसली. मग ती पुसली कुणी? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या देवी घरोघरच्या भिंतींवर आल्या. त्यांचे हात पाहा, लोण्यासारखे गुळगुळीत. पुढे कॅलेंडरे, सिनेमा आणि जाहिराती आल्या, आणि भिंतीवरच्या बाईला जे नाही ते घरातल्या बाईलाही असता कामा नये, असे आपण ठरवून टाकले. भाषेत मात्र अजून आनंदाने 'रोमांच' उभे राहतात. उभे राहायला मुळात रोम हवेत, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

"ही बाहुली तुझी का गं?" मी विचारले.

"एक माझी," ती म्हणाली, "आणि एक नानांची."

नाना म्हणजे आमचे वडील. ती चार वर्षांची असताना ते गेले. "आई म्हणते, नानांचे हात अगदी तुझ्यासारखे होते, आणि माझे त्यांच्यासारखे आहेत. पण एकाही फोटोत त्यांचे हात दिसत नाहीत. म्हणून तुला बसवलं."

खरेच दिसत नाहीत. लग्नाच्या फोटोत कोट आहे, निवृत्तीच्या फोटोत पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गळ्यात हार. पण ते हात मला आठवतात. नरकचतुर्दशीला पहाटे काळोखात नाना बाह्या सारून आम्हा दोघां भावंडांना पाटावर बसवीत आणि तेल लावीत. तेलाने त्यांच्या हातांवरचे केस चापून बसत आणि समईच्या उजेडात चमकत. मी तिला हे सांगितले. तिने लेखणी उचलून चित्रातले काही केस कातडीला टेकवले, आणि त्यांतल्या दोनचारांना पांढरे केले.

ताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर आली. पडद्यावर एक म्हातारा पायजमा आणि बंडी घालून खुर्चीत बसला होता, नि शेजारी आखूड बाह्यांचा कुडता घातलेली एक मुलगी उभी होती. दोघांच्या हातांवर तीच लव. ताईने चष्मा वर केला, खाली केला. नाक काही जमले नव्हते आणि कानही मोठे झाले होते. पण ती वाकून हातांकडेच पाहत राहिली.

"नानांचेच," ती म्हणाली. मग मुलीच्या हाताकडे पाहिले आणि पुन्हा आत निघून गेली. चकल्या जळाल्याचा वास मला तरी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे उठून आलो, तो ताईने पाटाभोवती रांगोळी काढलेली, वाटीत कोमट तेल, दुसऱ्या वाटीत उटणे कालवलेले. लेक पाटावर बसली होती, अर्धी झोपेत. ताई तिच्या हाताला उटणे लावीत होती. मी दारातच थांबलो. आता मला ती दिशा पाठ झाली होती. ताईचा हात मनगटाकडून कोपराकडे जात होता; हळू, केसांच्या कलाने.

"उभा काय राहिलास?" ताई म्हणाली. "बाही सार. आता तुझी पाळी."