यंत्र चौकात, धूर चुलीपाशी

‘कोकणात कसलं आलंय प्रदूषण?’ असं सगळेच म्हणतात. पुढे समुद्र, मागे सह्याद्री. मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात मालवणात उतरतो तोच मुळी छाती भरून हवा घेत. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मुंबई आहे, चंद्रपूर आहे. सिंधुदुर्गातलं एकही गाव नाही. मग आपली हवा निर्मळच म्हणायची?

हवा मोजतात कशी, ते आधी पाहू. यंत्र हवा ओढतं, ती गाळणीतून जाते आणि गाळणीवर बसलेली धूळ वजन करून पाहतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्यापेक्षाही लहान असतात आणि फुप्फुसात खोलवर उतरतात. पण यंत्र कुठे ठेवायचं हे यंत्र ठरवत नाही, माणसं ठरवतात. त्यांनी ते चौकात ठेवलं, कचेरीच्या गच्चीवर ठेवलं. रांधपाच्या खोलीत नाही.

एकदा मात्र ते बाईच्या अंगावर चढवलं गेलं. १९८१ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या चार गावांत चुलीपुढच्या बायकांना छोटे पंप लावून हवा मोजली. स्वयंपाकाच्या वेळी एका घनमीटरमागे धूळ निघाली सरासरी सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम. पुढे १९९४ साली आपल्या सरकारने निवासी भागासाठी चोवीस तासांची मर्यादा ठरवली ती २००! बाई रोज तीनच तास चुलीपुढे बसते आणि उरलेले एकवीस तास तिला धुळीचा कणही लागत नाही असं धरलं, तरी तिची दिवसाची सरासरी ८७५ येते. कारखान्यात असं झालं असतं तर टाळं लागलं असतं. चुलीला कोण टाळं लावणार?

सरकार काहीच करत नाही असं नाही. १९८३ साली निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, २००२ साली गुंडाळला. २०१६ साली उज्ज्वला आली. दोन्ही वेळा चुली मोजल्या, जोडण्या मोजल्या. दुसरा सिलिंडर भरायला घरात पैसे आहेत का, आणि ते खर्चायचा निर्णय बाईच्या हातात आहे का, हे कोण मोजणार? सोडणं, करवंट्या, झावळ्या फुकट मिळतात. बाईचा श्वासही फुकटच धरलेला असतो.

त्यात आता नवं कौतुक. पर्यटनाच्या रस्त्यावर पाट्या लागल्यात, ‘चुलीवरचं जेवण’. चव पाहुण्याला, पैसा मालकाला, धूर कोणाला? आणि ‘बायकांना सवय असते’ म्हणणाऱ्यांना सांगायला हवं, की सवय डोळ्यांना होते, फुप्फुसाला होत नाही. घरातल्या धुराने जगात दरसाल सुमारे तीस लाख माणसं मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मैत्रिणींनो, ग्रामसभेत चार गोष्टी मागूया. मोजणीचं यंत्र स्वयंपाकघरात आणि काजू भाजण्याच्या शेडमध्येही लागलं पाहिजे. आकडे मराठीत, गावाच्या फळ्यावर लिहिले पाहिजेत. सिलिंडर परवडेल अशा दरात मिळाला पाहिजे. आणि आरोग्य केंद्रात खोकणाऱ्या बाईला ‘विडी ओढता का?’ विचारतात, तसं ‘चूल किती वेळ?’ हेही विचारलं पाहिजे.

जे मोजलं जात नाही त्याची भरपाई कोणी देत नाही. बाईचं काम मोजा म्हणून आपण इतकी वर्षं भांडतो आहोत. आता तिचा श्वासही मोजा!