आवृत्ती बदलली, दुवा तुटला

संकेतस्थळे चालविण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ८.१ या आवृत्तीला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२५ रोजी थांबल्या. त्याआधीच्या आवृत्त्यांची मुदत तर केव्हाच संपलेली आहे. ही बातमी संगणक व्यावसायिकांपुरती वाटली, तरी तिचा संबंध पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचनालये, पतसंस्था, देवस्थाने आणि शाळांशीही येऊ शकतो. सभासदांची यादी, देणग्यांच्या नोंदी, ग्रंथसूची हे सर्व ज्या संकेतस्थळांत साठविलेले असते, त्यांपैकी अनेक कोणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी तयार करून दिलेली असतात. होस्टिंग पुरविणारी कंपनी एके दिवशी जुनी आवृत्ती बंद करते आणि दुसऱ्या दिवशी संकेतस्थळाच्या जागी कोरे पान दिसू लागते.

अशा वेळी पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘सारे ठीक चालले होते, आवृत्ती बदलली म्हणून बिघडले.’ हे निदान अर्धेच खरे आहे.

दुभाष्याची अडचण

संकेतस्थळाचा प्रोग्राम माहितीच्या साठ्याशी, म्हणजे डेटाबेसशी, थेट बोलत नाही. दोहोंमध्ये एक दुभाष्या असतो. तंत्रज्ञ त्याला लायब्ररी म्हणतात. पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांच्यामध्ये सुरुवातीच्या काळापासून ‘मायएसक्यूएल’ याच नावाची लायब्ररी काम करीत होती. तिच्या जागी ‘मायएसक्यूएलआय’ हा अधिक सुरक्षित पर्याय २००४ साली पीएचपी ५ सोबत आला. जुनी लायब्ररी कालबाह्य ठरविल्याची घोषणा २०१३ मध्ये झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ मधून ती काढून टाकण्यात आली. पर्याय उपलब्ध होणे आणि जुना मार्ग बंद होणे यांत अकरा वर्षे गेली. या काळात ज्यांनी बदल केला नाही, त्यांचे प्रोग्राम नव्या आवृत्तीत पाऊल टाकताच ‘असे फंक्शन अस्तित्वात नाही’ असे सांगून थांबले.

हे केवळ पीएचपीपुरते नाही. पायथन २ या आवृत्तीची मुदत आधी २०१५ होती, ती वाढवून १ जानेवारी २०२० करण्यात आली. तेथेही मायएसक्यूएलशी जोडणारी जुनी लोकप्रिय लायब्ररी पायथन ३ मध्ये गेलीच नाही. तिच्यापासून फुटून निघालेल्या नव्या लायब्ररीचा आधार प्रोग्राम लिहिणाऱ्यांना घ्यावा लागला.

जुनी नावे शोधून त्या जागी नवी घातली की काम झाले, हा समजही फसवा आहे. जुन्या लायब्ररीत प्रश्न आधी आणि जोडणी नंतर द्यायची, जोडणी दिली नाही तरी चालत असे. नव्या लायब्ररीत जोडणी प्रथम द्यावी लागते. काही जुन्या फंक्शनांना नव्यात थेट प्रतिशब्दच नाही. म्हणून घाईने केलेली शब्दबदली एक त्रुटी मिटवते आणि दहा नव्या उभ्या करते.

मौन सुटले, दोष उघड झाला

याहून महत्त्वाचा बदल अलीकडचा आहे. पीडीओ ही दुसरी लायब्ररी २०२० च्या पीएचपी ८.० पासून, तर मायएसक्यूएलआय २०२१ च्या ८.१ पासून, डेटाबेसने एखादी आज्ञा नाकारली की प्रोग्राम तेथेच थांबवतात. त्यापूर्वी प्रोग्राम लिहिणाऱ्याने मुद्दाम तपासले नाही, तर हे नकार निमूटपणे गिळले जात. एखाद्या अर्जदाराला ‘आपला अर्ज मिळाला’ असा संदेश दिसे, प्रत्यक्षात नोंद झालेलीच नसे. अशी संकेतस्थळे नव्या आवृत्तीत बंद पडतात, तेव्हा बिघाड नवा नसतो, फक्त तो लपविणारे मौन सुटलेले असते.

येथेच सर्वांत धोकादायक पळवाट निघते. त्रुटीचा संदेश पडद्यावर दिसू नये अशी व्यवस्था करून ‘दुरुस्ती झाली’ असे जाहीर केले जाते. पान पुन्हा दिसू लागते, नोंदी मात्र पूर्वीसारख्याच हरवत राहतात. संदेश अभ्यागतापासून लपवावा हे योग्यच, पण तो सर्व्हरच्या नोंदवहीत उतरला पाहिजे आणि कोणीतरी तो वाचला पाहिजे.

मराठी मजकुराचा खास धोका

देवनागरीत माहिती साठविणाऱ्या संस्थांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. मायएसक्यूएलच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्या, वेगळे काही सांगितले नाही तर, मजकूर लॅटिन-१ या पाश्चात्त्य लिपींसाठीच्या संकेतपद्धतीत साठवीत. २०१८ मध्ये आलेल्या ८.० ने जगातील सर्व लिपी सामावणारी यूटीएफ-८ वर आधारित पद्धत मूळ म्हणून स्वीकारली. जुन्या संकेतस्थळांत देवनागरीचे यूटीएफ-८ बाइट लॅटिन-१ च्या रकान्यांत कोंबलेले असत. वाचतानाही तीच चूक उलट दिशेने होई आणि दोन चुका मिळून मराठी नीट दिसे. दुभाष्या बदलला की ही तडजोड मोडते. ‘म’ च्या जागी तीन अनाकलनीय चिन्हे येतात, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. याच हिशेबाने २५५ अक्षरांच्या जुन्या रकान्यात देवनागरीची ८५ चिन्हेच मावत. पुढचा मजकूर पूर्वी न सांगता कापला जाई, ५.७ पासून तो मूळ व्यवस्थेतच नाकारला जातो.

या टप्प्यावर रकान्याची संकेतपद्धत थेट बदलण्याची आज्ञा दिल्यास विद्रूप मजकूर कायमचा विद्रूप होऊन बसतो. आधी रकाना निव्वळ बाइटांचा करावा आणि मग त्याला यूटीएफ-८ चे नाव द्यावे, हा सुरक्षित मार्ग होय. त्याहून निकडीचे म्हणजे निदान होईपर्यंत नव्या नोंदी थांबवणे. नव्या नोंदी योग्य पद्धतीने आणि जुन्या अयोग्य पद्धतीने एकाच तक्त्यात मिसळल्या, तर त्यांची विभागणी अत्यंत किचकट होते. एखाद्या वाचनालयाची चाळीस वर्षांची ग्रंथसूची अशा एका आठवड्याच्या घाईत निरुपयोगी होऊ शकते.

क्रम पाळला तर

या सर्व प्रकारांत उपाय वेगवेगळे असले, तरी निदानाचा क्रम एकच आहे. प्रथम डेटाबेसची पूर्ण प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती परत उतरवून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. चालू संकेतस्थळाला हात न लावता त्याच्या नकलेवर प्रयोग करावेत. नोंदवहीतील शेवटची नव्हे, तर पहिली त्रुटी वाचावी, कारण पुढच्या अनेक तिच्यातूनच उद्भवलेल्या असतात. भाषा, लायब्ररी आणि डेटाबेस या तिघांच्या आवृत्त्या लिहून काढाव्यात. मायएसक्यूएल ८.० ने पासवर्ड पडताळण्याची मूळ पद्धतही बदलली आणि जुन्या लायब्रऱ्यांना ती ठाऊक नव्हती. पासवर्ड बरोबर असूनही जोडणी नाकारली जाते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आणि भाषा व डेटाबेस एकाच दिवशी बदलू नयेत. दोन्ही एकदम बदलले की दोष कोणाचा, हे सांगता येत नाही.

खर्च कोणी उचलायचा?

लहान संस्थांची बाजूही समजून घ्यायला हवी. पीएचपीची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला साधारण चार वर्षांचा आधार मिळतो. संकेतस्थळासाठी एकदा कसाबसा निधी जमविणाऱ्या वाचनालयाला दर चार वर्षांनी तज्ज्ञ बोलावणे परवडत नाही. जुन्याच आवृत्तीवर राहण्याचा मोह म्हणूनच होतो. परंतु दुरुस्ती न मिळणारी आवृत्ती म्हणजे कुलूप मोडलेले दार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सुरक्षेचे वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक सांभाळणाऱ्यांना त्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

मार्ग कठीण नाही. संकेतस्थळ बनविण्याच्या करारातच देखभालीचे कलम आणि वार्षिक रक्कम असावी. प्रोग्रामचा मूळ मजकूर व पासवर्ड संस्थेच्या ताब्यात असावेत. सरकारी अनुदानातून संगणकीकरण होते तेथे खरेदीइतकेच देखभालीलाही अनुदान मिळावे. इमारतीच्या रंगरंगोटीसाठी आणि कौले शाकारण्यासाठी दर पावसाळ्यापूर्वी तरतूद करणारी संस्था आपल्या नोंदींच्या छपरासाठी ती करीत नसेल, तर गळती लागल्यावर दोष पावसाला देता येणार नाही.