लघवीतून रक्त गेले? थांबले तरी दवाखाना गाठा



लघवी लाल झाली, दोन दिवस धने-जिऱ्याचे पाणी घेतले, रंग साफ झाला आणि माणूस पुन्हा वावरात गेला. 'उष्णता होती, निघून गेली' म्हणून आपण विषय संपवतो. कळकळीची विनंती आहे, तो तिथे संपवू नका. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्त बहुतेकदा असेच जाते. दुखत नाही, एकदोनदा दिसते, आपोआप थांबते आणि कित्येक आठवडे परत दिसत नाही. तेवढ्या काळात गाठ वाढत राहते. न दुखता गेलेले रक्त दुखून गेलेल्या रक्तापेक्षा अधिक गंभीरपणे घ्या. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर एक दिवसही घालवू नये. या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपानच आहे.

तपासणीची भीती बाळगू नका. डॉक्टर आधी विचारतील: रक्त धारेच्या सुरुवातीला दिसले, शेवटी, की पूर्ण धारेत? गुठळ्या होत्या का? जळजळ, ताप, कमरेतून जांघेकडे जाणारी कळ? कोणत्या गोळ्या चालू आहेत? क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, बीट खाल्ल्यानेही लाल दिसते. म्हणून नुसत्या रंगावर निदान होत नाही, लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. तांबड्या पेशी वेड्यावाकड्या दिसल्या आणि सोबत प्रथिने जात असली, तर दोष मूत्रपिंडाच्या गाळणीत असण्याचा संशय येतो. पू दिसला तर कल्चर करून कोणते जंतू आहेत ते पाहतात. पाळी चालू असेल तर बहिणींनी तसे मोकळेपणाने सांगावे. लघवीच्या या साध्या तपासणीची ताकद मोठी आहे: रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्यामागे एक परजीवी कृमी असल्याचे 1952 साली नोंदवले गेले.

पुढे रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. आपल्याकडचे ऊन, शेतातली मेहनत आणि कमी पाणी पिणे यामुळे मुतखडा निघणे नवे नाही. पण खडा सापडला म्हणून बाकी तपास सोडू नका आणि सोनोग्राफी साफ आली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. मूत्राशयातली लहान गाठ तिच्यातून निसटू शकते. ती दुर्बिणीने दिसते. जागा बधिर करून लघवीच्या मार्गातून बारीक दुर्बीण आत घालतात. काही मिनिटांचे काम असते. गरज वाटली तर सीटी स्कॅन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी सगळा दोष त्यांच्यावर टाकू नका आणि त्या स्वतःहून बंदही करू नका.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या नुसत्या वाहकालाही लघवीतून रक्त जाऊ शकते, म्हणून तपासणीचे कार्ड असेल तर डॉक्टरांना दाखवा.

काही वेळा मात्र सकाळची वाट बघायची नाही. वावरात साप चावला आणि लघवीत किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, तर ते घोणस सापाचे विष असू शकते. मांत्रिकाकडे नेऊ नका, थेट 108 ला फोन लावा. गुठळ्यांनी लघवी अडली, रक्तासोबत थंडी-ताप आला, चक्कर आली, तरीही तसेच. लेकराचा घसा दुखून गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी किंवा अंगावर फोड येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी लघवी काळ्या चहासारखी झाली आणि तोंडावर सूज आली, तर त्याच दिवशी न्या.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. रोहणा परिसरातून पुढे आर्वीचे उपजिल्हा रुग्णालय, वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे विनोबा भावे रुग्णालय आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने कागद सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा.

घरातल्या बाबांना, काकांना, आईला आजच विचारा: लघवीतून कधी रक्त गेले होते का? 'हो, पण थांबले' असे उत्तर आले, तर उद्याच त्यांना तपासणीला घेऊन जा.