युरोपने सोडले, लोट्याने घेतले

एखादे राष्ट्र आपले औद्योगिक धोरण आखते तेव्हा कोणते कारखाने उभारावेत याचा जितका विचार होतो, तितकाच कोणते कारखाने आपल्या मुलखातून निघून जाऊ द्यावेत याचाही होत असतो. मात्र पहिल्या निर्णयाचे समारंभ होतात, आणि दुसऱ्याची वार्ता ते कारखाने जेथे जाऊन पोहोचतात तेथील रयतेलाही बहुधा उशिराच कळते. युरोपीय संघातील धोरणमंथनाचा पहिला भाग आपल्याकडे अधूनमधून छापून येतो. चिप-निर्मितीला उत्तेजन देणारा २०२३ चा कायदा झाला, आणि दरसाल ७५० ते ८०० अब्ज युरोंची जादा गुंतवणूक केल्याखेरीज युरोप अमेरिका व चीन यांच्या बरोबरीने टिकणार नाही, असे बजावणारा मारिओ द्राघी यांचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागाची हकीकत वाचायला मात्र आम्हा चिपळूणकरांना ब्रुसेल्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. परशुरामाचा घाट चढून खेडच्या वाटेला लागले की ती लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आढळते.

इटलीच्या उत्तरेस, विचेन्झा प्रांतात, त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. मार्झोत्तो या वस्त्रोद्योगातील घराण्याने १९६० च्या दशकात तेथे कापडावर पाणी व तेलाचा डाग टिकू नये यासाठी लागणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे संशोधन सुरू केले. त्यातून उभा राहिलेला कारखाना पुढे मित्सुबिशी आणि एनीकेम यांच्या भागीदारीत गेला, ‘मितेनी’ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि २००९ मध्ये आणखी एका युरोपीय समूहाच्या हाती पडला. ही रसायने पीएफएएस या समूहात मोडतात. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध हा सेंद्रिय रसायनातील सर्वांत बळकट बंधांपैकी एक असल्यामुळे ती उन्हाने, जिवाणूंनी किंवा पाणी उकळल्याने नाश पावत नाहीत. त्यांतील कित्येक माणसाच्या रक्तात शिरली की वर्षानुवर्षे तेथेच राहतात. २०१३ मध्ये उघडकीस आले की या कारखान्याखालच्या भूजलातून ती विचेन्झा, व्हेरोना व पादोव्हा या तीन प्रांतांच्या पिण्याच्या पाण्यात उतरली आहेत, आणि त्या पाण्यावर सुमारे साडेतीन लाख माणसे राहत आहेत. पोरांच्या रक्ततपासणीचे कागद हाती आल्यावर तेथील माता संघटित झाल्या. सार्वजनिक खर्चाने नळयोजनांवर कोळशाच्या गाळण्या बसल्या. २०१८ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. आणि २६ जून २०२५ रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांच्या कारावासाची शिक्षा फर्मावली.

दरम्यान २०१९ मध्ये त्या दिवाळखोर कारखान्याची यंत्रसामग्री आणि पेटंटे लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या मुंबईच्या कंपनीच्या उपकंपनीने लिलावात विकत घेतली, आणि ती यंत्रे समुद्रमार्गे येऊन लोट्यात बसली. हा व्यवहार उघड आहे. त्यात बेकायदेशीर असे काही नाही, आणि नव्या मालकांनी येथे कोणता अपराध केला आहे असा आरोप करण्याचा या लेखाचा हेतूही नाही, कारण तसा पुरावा माझ्यापुढे नाही. तक्रार निराळीच आहे. यंत्रे आली, पण त्या यंत्रांविषयी इटलीने एवढी किंमत मोजून जे ज्ञान मिळवले, म्हणजे कोणते पदार्थ कोठे मुरतात, ते कसे मोजावेत, किती प्रमाण असह्य मानावे आणि हानी झाल्यास तिची जबाबदारी कोणाकडे लागते, ते सारे दप्तर त्रिस्सिनोतच राहिले.

युरोपच्या या धोरणात एक विसंगती आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. १ जून २००७ पासून अंमलात आलेल्या ‘रीच’ या नियमावलीने युरोपात सिद्धतेचा भार उलटवला. वर्षाला एक टनाहून अधिक रसायन बनवणाऱ्याने अथवा आणणाऱ्याने त्याची माहिती आधी सादर करावी, तिच्यावाचून बाजार नाही, असा तिचा दंडक आहे. पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या २०२० च्या निर्देशाने पीएफएएसपैकी २० पदार्थांच्या बेरजेवर लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. २०२३ च्या आरंभी जर्मनी, नेदरलंड्स, डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे यांनी तर या समूहातील सुमारे दहा हजार पदार्थांवर सरसकट निर्बंध घालण्याची दरखास्त मांडली. पण ज्या चिप आणि ज्या बॅटऱ्यांसाठी युरोप आज तिजोरी उघडतो आहे, त्या बनवताना फ्लोरिनयुक्त रसायनांवाचून अडते. उद्याचे निर्मळ तंत्रज्ञान हवे, पण त्याच्या पायाशी असलेली जहाल रसायनशाळा दारात नको, अशा मनःस्थितीत असलेल्या समाजाचे कारखाने आपसूकच तेथे सरकतात, जेथे नियम अजून लिहिले गेलेले नाहीत. यामागे कोणाचे कारस्थान असावे लागत नाही. नियमांतील उंचसखलपणा तेवढा पुरतो.

लोट्याला हा अनुभव नवाही नाही. कोयनेचे पाणी पोफळीला उतरवून महाराष्ट्राने वीज निर्माण केली, आणि वीज मुंबईकडे गेल्यावर उरलेले अवजल वाशिष्ठीत सोडले. बारमाही पाणी मिळाले आणि मुंबई-ठाण्याच्या दाट वस्तीतून कारखाने बाहेर काढावेत असे सरकारचे धोरण ठरले, तेव्हा या दोन्ही गोष्टींचा संगम लोट्याच्या सड्यावर होऊन तेथे रासायनिक वसाहत वाढली. म्हणजे राजधानीने आधी आपल्या अंगणातले येथे धाडले, आणि आता एका परक्या खंडाने धाडले आहे. वसाहतीचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून करंबवण्याच्या खाडीत जाते. ओहोटीने ते दाभोळकडे ओढले जाते आणि भरतीबरोबर पुन्हा कोतवली-सोनगावच्या भोईवाड्यांकडे फिरते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे, की या वसाहतीने ११ हजार लोकांना काम दिले, तर तिच्यामुळे मासेमारीवर जगणारी २० हजार माणसे बेकार झाल्याचे सांगितले जाते. आपल्या औद्योगिक हिशेबात जमेची बाजू कंपनीच्या ताळेबंदात लिहिली जाते आणि नावेची बाजू खाडीत.

आता या हिशेबातील एक साधी बाब जवळून पाहू. सांडपाणी तपासायचे म्हणजे आपल्याकडे प्रामुख्याने त्याची आम्लता, बीओडी आणि सीओडी पाहतात. सीओडीच्या चाचणीत नमुन्यात डायक्रोमेट व गंधकाम्ल घालून तो दोन तास उकळतात, आणि त्यातील सेंद्रिय द्रव्य जाळायला किती प्राणवायू खर्ची पडला यावरून दूषितपणा ठरवतात. परंतु पूर्णतः फ्लोरिनने वेढलेला रेणू या उकळीलाही दाद देत नाही. तो जळत नाही, म्हणून मोजला जात नाही, म्हणून कागदावर नसतो. त्याला शोधण्यासाठी लिटरमधील नॅनोग्रॅम दाखवणारे स्वतंत्र यंत्र लागते, आणि कोणता रेणू शोधायचा हे आधी ठाऊक असावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात या समूहासाठी मर्यादाच घातलेली नव्हती. तेव्हा उद्या एखाद्या विहिरीचे पाणी ‘मानकानुसार योग्य’ ठरले, तर तो दाखला खोटा नसेल, परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर हवे तो प्रश्नच त्यात विचारलेला नसेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. कोकणातला माणूस एन्रॉनला नको म्हणतो, जैतापूरला नको म्हणतो, नाणार-बारसूला नको म्हणतो. मग त्याच्या मुलांनी कायम मुंबईची गाडीच धरावी काय? या प्रश्नातला सल खरा आहे. लोट्यातल्या पगारावर घाणेखुंट-आवाशीपासून चिपळूणपर्यंत अनेक घरे उभी राहिली, हे नाकारणारा मनुष्य येथे राहत नसला पाहिजे. परंतु उद्योगाची इच्छा आणि उद्योगाची अट या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे आपण कधीपासून मानू लागलो? न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात फ्रेडरिक लिस्ट या जर्मन अर्थवेत्त्याच्या विचाराचा आधार घेऊन त्यांनी हेच प्रतिपादले होते, की इंग्लंडला सोयीचे ठरलेले सिद्धांत हे सर्व देशांना लागू असणारे निसर्गनियम नव्हेत, आणि राष्ट्राच्या उद्योगाला दिशा देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. याच परिसरातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले त्यांचे शिष्य. त्या परंपरेला उद्योग हवा होता, किंबहुना तळमळीने हवा होता. पण तो आपल्या शर्तींवर.

त्या शर्ती आज कोणत्या असाव्यात? लोट्यात फ्लोरिनयुक्त रसायन करणाऱ्या प्रत्येकाने आपण काय बनवतो, काय वापरतो आणि बाहेर काय सोडतो याची रेणूवार यादी, ती मोजण्याच्या पद्धतीसह, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चिपळूण कचेरीत द्यावी, आणि ती मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. वसाहतीभोवतालच्या विहिरी, वाशिष्ठीचे पाणी, खाडीतली मासळी आणि राजीखुशीने तयार होतील त्या कामगारांचे रक्त यांची तपासणी आत्ताच व्हावी. कारण आरंभीची नोंद नसेल तर वीस वर्षांनी कोणालाही काही सिद्ध करता येत नाही, आणि कोणालाही निर्दोष ठरता येत नाही. ही शर्त कारखानदाराच्याही हिताची आहे. तिसरी तजवीज अनामतीची. त्रिस्सिनोत कंपनी बुडाली आणि जमीन साफ करण्याचे ओझे मागे राहिले. म्हणून शुद्धीकरणाच्या अंदाजी खर्चाइतकी रक्कम परवान्याबरोबरच सरकारजमा असावी. देशभरासाठी रसायनांच्या नोंदणीचे नियम करण्याचा मसुदा केंद्राकडे वर्षानुवर्षे मसुदाच राहिला आहे. तो होईपर्यंत निदान परवान्याच्या अटींत एवढे लिहिणे राज्याच्या हाती आहे.

आणि हे तातडीने करावे लागेल. २०२२ नंतर युरोपात इंधनवायू महागला, तेव्हापासून तेथील मोठमोठे रासायनिक उद्योग आपले संच बंद करीत आहेत. बीएएसएफने लुडविग्जहाफेनमधला आपला एक अमोनिया-संच बंद केला आणि चीनमध्ये झानजियांगला नवा विस्तार उभारला. यापुढेही यंत्रे लिलावात निघतील, पेटंटे स्वस्त होतील आणि आपल्याकडे सामंजस्य करारांवर सह्या होतील. त्यातील काही उद्योग आपल्याला हवेसेच असतील. तेव्हा करारावर सही करणाऱ्या मंत्र्याने आणि सचिवाने गुंतवणुकीच्या आकड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, की हा कारखाना जेथून निघाला तेथून तो का निघाला. इंधन महाग झाले म्हणून निघाला असेल, तर त्याचे स्वागत करावे. कायदा कडक झाला म्हणून निघाला असेल, तर तो कायदा मागवून वाचावा. त्रिस्सिनोला रोग ओळखायला अर्धे शतक लागले. आपल्यापुढे तिथला दाखला आहे, आणि त्याला काही मोल पडत नाही; असे असूनही तो आपण वाचला नाही, तर उद्या गरिबीची सबब सांगण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.