भूमिपुत्राची बहीण

दिवाळी अंकात भांडणाचा विषय काढू नये असा शिष्टसंकेत आहे. पुढ्यात करंज्या आणि अनारसे असताना सातबाऱ्याचा उतारा वाचायला कोणाला आवडेल? भांडणे शिमग्याला काढावीत. आमच्या तळोज्याकडे शिमगा दिवाळीपेक्षा मोठा असतो, तेव्हा तेथे ती खपूनही जातात. परंतु विषयच असा आहे की तो भाऊबीजेच्या पाटावर येऊन बसतो. त्याला शिमग्यापर्यंत थांबवणे आम्हाला जमले नाही.

पनवेलपासून उरणपर्यंत, बेलापूरपासून तळोज्यापर्यंत कोणत्याही नाक्यावर उभे राहा. फलकावर एक शब्द हटकून दिसेल : भूमिपुत्र. भूमिपुत्रांना न्याय द्या, भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या, भूमिपुत्रांची घरे कायम करा. मागण्या रास्त आहेत. आमचे भांडण शब्दाशी आहे. या शब्दाला आमच्या सभांमध्ये स्त्रीलिंगच नाही. पुराणे वाचणाऱ्याला याचे नवल वाटेल. भूमीच्या पोटची दोन अपत्ये तेथे प्रसिद्ध आहेत. कन्या सीता, नांगराच्या तासात सापडलेली. आणि पुत्र नरकासुर, ज्याच्या नावाने आपण पहाटे अंघोळ करून पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतो. (मंगळालाही भूमिपुत्र म्हणतात, पण तो पत्रिकेपुरता.) दोघांपैकी वारसा कोणाकडे जावा हे पुराणकारांनी सांगितलेले नाही. आमच्या तलाठ्यांनी मात्र ठरवून टाकले.

ज्यांनी ही जमीन शहर होण्यापूर्वी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमची शेती खलाटीची. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडी सांभाळायची आणि पावसाच्या पाण्याने खारट माती धुऊन निघाली की त्यात भात पिकवायचे. बांधबंदिस्ती आणि नांगरट पुरुषाची. ते कष्ट थोडे नाहीत आणि ते आम्ही नाकारीत नाही. पण पुढचे पाहा. राब भाजण्यासाठी पालापाचोळा आणि शेण डोक्यावरून वाहणारी कोण? बाई. मृगानंतर राबातली रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधणारी कोण? बाई. आणि आवणी! गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले घेऊन, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कमरेत वाकून एकेक चूड मातीत खोवायची, ती मागे सरकत सरकत. पुढे चालत केलेल्या कामाला जगात मान आहे. मागे सरकत केलेल्या कामाला नाही, असे काहीसे असावे. त्यानंतर बेणणी, कापणी, भारे, झोडणी, पाखडणी. शेताला सुट्टी असेल तेव्हा मिठागर, नाहीतर खाडीच्या चिखलातल्या निवट्या आणि चिंबोऱ्या, आणि त्यांची पाटी डोक्यावर घेऊन बाजार. लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी धवलारीणसुद्धा बाईच. दुसऱ्यांचे संसार मांडून देण्याचा अधिकार तिला समाजाने दिला. स्वतःच्या चार गुंठ्यांवर सही करण्याचा दिला नाही.

आम्ही शाळामास्तर. मुलांच्या माहितीचे कागद हाती येत. वडिलांचा व्यवसाय : शेती. आईचा व्यवसाय : काही नाही, किंवा घरकाम. ज्या बाईचे तळवे आवणीच्या चिखलाने कुजून पांढरे पडलेले असत, तिचा व्यवसाय काही नाही! २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम सरकारने केला, हे चांगले झाले. नाव कागदावर आले. व्यवसाय अजून यायचा आहे.

कागदाची ही गोष्ट आजची नाही. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने कसणाऱ्याला मालक केले. आमच्या जिल्ह्याला तो दिवस फुकट मिळालेला नव्हता. चरीच्या शेतकऱ्यांनी २७ ऑक्टोबर १९३३ ला खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. नारायण नागू पाटलांचे नाव त्या संपाबरोबर घेतले जाते आणि ते घेतलेच पाहिजे. सहा पावसाळे शेत ओस ठेवायचे आणि तरी चूल पेटती ठेवायची! हे गणित घरात कोणी सोडवले असेल ते सांगायला इतिहासकार लागत नाही. परंतु कूळ म्हणून नोंद झाली ती पुरुषाची. पुढे भाऊ वाढले तेव्हा थोरल्याच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ ही तीन अक्षरे आली, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणीचे नाव चढलेच तर ते ‘इतर हक्क’ या रकान्यात, कर्जाच्या बोज्याशेजारी.

मग १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नव्या मुंबईची रेघ ओढली गेली. त्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा हा आमच्या भागाचा अभिमान आहे. १९८४ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी पडले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून निघाले. त्या मोर्चांत बाया होत्या. लाठ्या खाताना कोणी त्यांना ‘इतर हक्कात’ टाकले नाही. भूखंडाच्या वाटपाची वेळ आली तेव्हा मात्र कागद पुन्हा पुढे आला, आणि कागदावर जो होता त्याचे नशीब उघडले. आणा-पैशाची जमीन कोटींची झाली. गळ्यात साखळ्या आल्या, दारात गाड्या आल्या, हळदीला लाखांचे मंडप पडू लागले. लोकांनी कौतुकाने ‘गुंठामंत्री’ हे पद निर्माण केले. गुंठामंत्रीण असे पद आमच्या ऐकिवात नाही.

येथे हक्कसोडपत्राचा जन्म होतो. कायदा बहिणीच्या बाजूने आहे, आणि तोच तर अडचणीचा मुद्दा. महाराष्ट्राने १९९४ सालीच दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवले. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट पुसली. वडील त्या दिवशी हयात नव्हते म्हणून मुलीला हक्क नाही, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी बंद केली. तेव्हा आता भूखंड विकायचा, बिल्डरशी करार करायचा, तर बहिणीची सही लागते. म्हणून बहीण आठवते. तिला गाडी पाठवतात. निबंधकाच्या कचेरीत नेतात, नाममात्र मुद्रांकावर ‘मी माझ्या राजीखुशीने’ या शब्दांखाली सही नाहीतर अंगठा घेतात, आणि परत येताना तिला मटणाचे जेवण आणि साडी देतात. एका वृद्ध बाईंना असे नेले असता त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या कानांवर आला : “माजा नाव कागदाव होता कवा, म्हणून आता काराचा?” जे कधी चढवलेच नाही ते उतरवायला मात्र मोटार पाठवता, एवढाच त्याचा अर्थ. कोणी उत्तर दिले नाही. सही झाली.

आमचे मित्र यावर तीन आक्षेप घेतात. पहिला, की बहिणीच्या लग्नात आम्ही खर्च केला. केला ना, भावाच्या लग्नात काय शेजाऱ्यांनी केला? हळदीचा मंडप त्याच्याही दारात पडला होता, आणि त्याबद्दल त्याच्या वाट्यातून कोणी दमडी कापली नाही. दुसरा, की बहीण आपण होऊन सोडते, आनंदाने सोडते. सोडली नाही तर माहेरची वाट बंद होते, बाळंतपणाला आणि संकटाला जायला दार राहत नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. ज्या ‘हो’ला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही त्याला राजीखुशी म्हणणे हे कचेरीचे मराठी झाले, घरचे नव्हे. तिसरा आक्षेप जुना आणि एके काळी वजनदार : जमिनीचे तुकडे पडतील. अहो, जमीन आहे कोठे? खलाटीवर आता बारा-बारा मजले उभे आहेत. वाटायचे आहेत ते सदनिका आणि धनादेश. रुपयाच्या वाटणीत बांध कोरला जात नाही, की नांगर वळवायला जागा अपुरी पडत नाही.

आम्ही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, अर्थशास्त्राची पोथी आम्हाला ठाऊक नाही. पण हे गाऱ्हाणे एकट्या पनवेल तालुक्याचे नाही एवढे वाचून कळते. सिडको जन्मली त्याच १९७० साली ईस्टर बोसरप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंचे स्त्री आणि आर्थिक विकास या विषयावरचे पुस्तक निघाले. बाई आधी काही वर्षे हिंदुस्थानात काम करून गेल्या होत्या. आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात शेतीचे काम बायकांच्या कुदळीवर चालते, आणि साहेबाने सुधारणा आणली ती मात्र पुरुषाला शेतकरी समजून, हे त्यांनी मांडले. केनियात १९५४ साली इंग्रजांनी स्विनर्टन योजना आखली. विखुरलेल्या जमिनी एकत्र करून मालकीचे दाखले दिले, आणि ते बहुतांशी कुटुंबप्रमुख पुरुषांच्या नावे दिले. त्याआधी जमीन कुळीची होती आणि सुनेला कसण्याचा हक्क रूढीने होता. दाखला आला, रूढी गेली. नायजेरियात १९२९ साली तर सरकार बायकांची आणि गुराढोरांची मोजदाद करू लागले तेव्हा, आता आपल्यावरही कर बसणार, असे ओळखून हजारो बाया उठल्या आणि पन्नासांहून अधिक गोळीबारात मेल्या. कर घेताना बाई दिसते, मालकी देताना दिसत नाही. ही दृष्टी लंडनहून आली असो की गावकीतून.

उलट उदाहरणही तिकडचेच आहे. रवांडासारख्या, भीषण नरसंहारातून उठलेल्या गरीब देशाने १९९९ साली मुलामुलींना वारशात समान वाटा देणारा कायदा केला, आणि २००९ नंतर देशभर जमिनीची नोंदणी केली तेव्हा कायदेशीर विवाहित जोडप्याची दोन्ही नावे दाखल्यावर घातली. तेथे सगळे आलबेल झाले असे नाही. पण नाव घातले. आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, १९९२ मध्ये सरकारनेही नवऱ्याबरोबर बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. देशावरच्या अनेक गावांनी ते करून दाखवले. आमच्या खाडीकाठी ती हाक फारशी पोचली नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्के निघाल्या. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी शेतकरी स्त्रीचे वर्ष म्हणून ठरवले. त्यावर भाषणे तर होणारच.

जमीन गेल्यावर पुरुषाला निदान भूखंड मिळाला. बाईचे काय गेले त्याची यादी कोणी केली नाही. २०१७ च्या ऑगस्टात तळोज्याच्या कारखान्यांजवळ निळ्या रंगाची कुत्री फिरू लागली तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनीही त्यांची छायाचित्रे छापली. पण ज्या कासाडीच्या पाण्यातून बाया चिंबोऱ्या काढीत, ते पाणी त्याच्या कितीतरी आधी बिघडले होते. त्या बायांचे छायाचित्र कोणी घेतले नाही. त्यांच्यातल्या कितीजणी आज खलाटीवर उभ्या राहिलेल्या इमारतींत धुणीभांडी करतात, कितीजणी ठेकेदाराच्या हाताखाली माल बांधतात, ते सकाळी पेंधरच्या मेट्रोखाली उभे राहिल्यास दिसते. २०२४ पासून सरकार लाडक्या बहिणीला महिना दीड हजार रुपये देऊ लागले. तिने ते घ्यावेत, सुखाने घ्यावेत. भावाने मात्र सरकारला नावे ठेवण्यापूर्वी स्वतःच्या बहिणीचा हिशेब काढावा.

हे सारे आता सांगण्याचे कारण, वाटणी संपलेली नाही. विमानतळासाठी गेलेल्या जमिनीचे साडेबावीस टक्के भूखंड, ‘नैना’च्या नगररचनेत मालकाकडे राहणारा ४० टक्के हिस्सा, हे सारे कागद या दहा वर्षांतलेच आहेत. २०२१ च्या जूनमध्ये विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून जी माणसांची साखळी उभी राहिली, तिच्यात बायांचेही हात गुंफलेले होते. त्या साखळीच्या पुढाऱ्यांनी आता एवढे मागावे : प्रत्येक वाटपपत्रावर नवरा-बायको दोघांची नावे, आणि प्रत्येक हक्कसोडपत्रात, सोडल्या जाणाऱ्या हिश्श्याची चालू बाजारभावाने किंमत अक्षरांत लिहून, ती बहिणीला एकटीला बसवून वाचून दाखवणे. ‘राजीखुशी’ त्यानंतर लिहावी. किती भावांना ही अट पसंत पडते ते पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत. आमच्या संघर्ष समित्यांच्या व्यासपीठावर किती बाया खुर्चीवर असतात आणि किती समोर सतरंजीवर, तेही जाता जाता मोजावे.

भाऊबीज दोन दिवसांवर आली आहे. ओवाळणीत काय घालावे हा प्रश्न असेल त्या भावासाठी एक सूचना : सातबाऱ्याचा सहीचा उतारा आता घरबसल्या मोबाईलवर निघतो, पंधरा रुपये पडतात. तो तबकात ठेवावा, आणि तिला मोठ्याने वाचू द्यावा.